आहेवेजवळचा मांडव

१

तळवलीत लग्न ठरलं की लोक हॉलच्या आधी गोजराबाईंची तारीख बघतात. त्या गावच्या धवलारीण. हळद लागते ती त्यांच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नातल्या जुन्या गाण्यांवर. भटजी उशिरा आला तर चालतो, केटरर उशिरा आला तरी लोक कुरकुर करत थांबतात. पण धवलारीण रुसली तर नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. या खेपेला तर नवरी त्यांची स्वतःचीच नात होती, मनस्वी. हळद उद्या संध्याकाळची होती.

आज दुपारी बाहेरच्या खोलीत तालीम चालली होती. हल्लीच्या सुनांना गाणी पाठ नाहीत, म्हणून मनस्वीचा भाऊ मितेश याने लग्नाची एक वेबसाइट बनवून आजीचे सगळे धवले त्यावर चढवले होते आणि घरातला लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला होता. आजीने ओळ गायची, बायकांनी टीव्हीवर बघून ती झेलायची. कालची तालीम अशी झकास झाली होती की वरचे भाडेकरूसुद्धा जिन्यात येऊन बसले होते.

आतल्या खोलीत इशरत मनस्वीच्या हातांवर मेंदी काढत होती. दोघी नेरूळच्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. इशरतचे घरचे मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. ती नोकरीला महाप्याच्या एका कंपनीत, कुणाचा कॉम्प्युटर अडला की पहिला फोन हिला. पण मेंदीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती मेंदी भिजवताना निलगिरीचं तेल घालायची, त्यामुळे नवरीच्या खोलीला सर्दीच्या औषधासारखा वास येत होता. आज फक्त नवरीची मेंदी, बाकीच्यांनी उद्या सकाळी रांग लावायची, असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

बाहेर गोजराबाईंनी नवा धवला उचलला. नवा म्हणजे त्यांनी स्वतःच रचलेला, कारण मांडवाचं मैदान आता शेताच्या नाही तर हायवेच्या कडेला होतं आणि गाण्यात खोटं सांगायचं नाही हा त्यांचा नेम.

"हायवेचे कडंला मांडव हाय,
मांडवान नवरी बसली हाय..."

आणि बायकांनी टीव्हीवर बघून झोकात उत्तर दिलं, "आहेवेच्या कडेला मांडव आहे..."

तिथे गाणं खड्ड्यात गेलं. कुणीतरी फिसकन हसलं, मग कुणीच हसलं नाही. इशरत कोन खाली ठेवून बाहेर आली, मागोमाग ओले हात सांभाळत मनस्वी आली, तेव्हा सगळ्या बायका टीव्हीकडे बघत होत्या आणि गोजराबाई सगळ्या बायकांकडे. पडद्यावर एकही ओळ जागची राहिली नव्हती. 'हलदीचा पानी कोनी आनला'चं 'हळदीचं पाणी कोणी आणलं' झालं होतं. जिथे जिथे 'हाय' होतं तिथे 'आहे' येऊन बसलं होतं. धवले धुऊन, इस्त्री करून टांगल्यासारखे दिसत होते.

"माजी गानी कोनी सुदारली?" गोजराबाईंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

बायका पुन्हा टीव्हीकडे वळल्या.

"ज्यानी सुदारली त्यानीच उद्या गावी. तो माज्यासमोर येत नाय तवर मी गानार नाय."

त्या आपल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी घातली.

२

कडी वाजली आणि घरात एकच गोंधळ उडाला. सगळी वरात आजीच्या दाराशी गेली, विनवण्या झाल्या, चहा दाराबाहेर निवला. मनस्वी तेवढी बाहेरच्या खोलीत टीव्हीपाशी राहिली, कारण ओली मेंदी घेऊन गर्दीत जाता येत नाही. इशरत परत आली तेव्हा ती दोन्ही हात देवाला नैवेद्य दाखवल्यासारखे पुढे धरून खुर्चीत बसली होती आणि तिच्या उजव्या करंगळीखालची वेल फिसकटली होती.

"हे काय केलंस?"

"मच्छर बसला ग नाकावर," मनस्वी म्हणाली. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आजी नाय गायली तर मी हळदच नाय लावून घेणार. कायतरी कर ना, इशू."

इशरतला कॉम्प्युटरपेक्षा माणसांचे बिघाड जास्त आवडत. आणि हा बिघाड उद्या संध्याकाळच्या आत दुरुस्त झाला नाही तर एक चांगलं लग्न नासणार होतं. तिने ओढणी खोचली.

संशयित शोधायला लांब जायला नको होतं, घरानेच ते पटापट पुढे केले. पहिल्या होत्या जागृती आत्या, गोजराबाईंची लेक, नेरूळच्या कॉलेजात मराठीच्या प्राध्यापक. इशरतला त्यांनी शिकवलं होतं. तिच्या निबंधांवर त्यांच्या लाल पेनाने जेवढं लिहिलं असेल तेवढं तिने स्वतःही लिहिलं नव्हतं. धवले आजीकडून ऐकून टाइप केले ते यांनीच. लग्नाच्या पत्रिकेतही त्यांनी इतक्या चुका काढल्या होत्या की छापखानेवाल्याने दुसऱ्या प्रूफला फोन उचलणं बंद केलं होतं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे होत्या.

"मला ठाऊक आहे तुम्हाला काय वाटतंय," जागृती आत्या म्हणाल्या. "पण आईचं गाणं टाइप करताना मी माझा हात आवरून धरला होता. 'पानी' लिहिताना दर वेळी जिवावर आलं, तरी 'पानी'च लिहिलं. आणि समजा, नसता आवरला. तरी मला सांग इशरत, 'आहेवे' हा शब्द मी लिहीन का?"

इशरत हसली. मग हसता हसता थांबली, कारण मॅडमनी सहज बोलता बोलता एक मोठी गोष्ट हातात दिली होती.

दुसरा मितेश. वेबसाइट त्याची, पासवर्ड त्याचा. तळोज्याच्या कारखान्यातून रजा काढून आलेला, सकाळपासून मंडपवाल्याशी भांडून घसा बसलेला. तो म्हणाला, "आमी कशाला बदलू? माझं स्वतःचं मराठी अशुद्ध, मी कोणाचं काय शुद्ध करणार?" लॅपटॉपला आज कुणी हात लावला होता का, तर तोही यानेच. सकाळी ब्राउजर अपडेट मागत होता, याने हो म्हटलं आणि आंघोळीला गेला. पासवर्ड मात्र कुणालाच दिलेला नाही.

तिसरा संशयित त्याच वेळी दारात उभा होता. नवरदेवाचा, म्हणजे स्वानंदचा, मोठा भाऊ सौरभ. मंडळी मूळची सातारकडची, आता नेरूळला राहणारी. तो उद्याच्या हळदीची साडी घेऊन आला होता आणि घरातले चेहरे बघून पिशवी तशीच छातीशी धरून उभा राहिला. कारण गेल्याच आठवड्यात याने मितेशला फोन करून विचारलं होतं, की गाणी जरा शुद्ध मराठीत मिळतील का. फोन स्पीकरवर होता आणि तळवलीत स्पीकरवरचं बोलणं गावभर व्हायला वेळ लागत नाही.

"म्हंजे सासरच्यांनाच आपली भाषा चालत नाय," मागून एक मामी म्हणाली, आणि सौरभच्या हातातली पिशवी खाली आली.

३

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ही वेळ नव्हती. इशरतने सौरभला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, शुद्ध मराठी कुणाला हवं होतं.

त्याने सांगितलं ते असं. गाणी बदलून नको होती, नुसता अर्थ हवा होता, तोही आईसाठी. आईने ऐकलं होतं की धवल्यांत विहिणीची चेष्टा असते. सगळे हसले आणि आपल्यालाच कळलं नाही तर काय, या काळजीने तिला झोप नव्हती. "आईला आधीच टेन्शन आहे," तो म्हणाला. "मनस्वीचे मेसेज येतात ना, काय एकेक मराठी असतं. आई म्हणते, सूनबाई फार शिकलेली, आपलं कसं जमायचं. प्रत्येक उत्तर ती मला दाखवल्याशिवाय पाठवत नाही."

मनस्वी खिडकीबाहेर बघत होती. इशरतने ते पाहिलं आणि मनात ठेवून दिलं.

मग तिने पर्समधून आपला मोबाइल काढला आणि लग्नाची तीच वेबसाइट, तेच पान उघडलं. मितेश खांद्यावरून डोकावला. तिथे ठसठशीत अक्षरांत होतं, 'हायवेचे कडंला मांडव हाय'. जागृती आत्यांच्या मोबाइलवरही तेच. सौरभच्याही. फक्त टीव्हीवर, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या त्या लॅपटॉपवर, 'आहेवे'.

"म्हंजे गाणी बदललीच नाय," मितेश म्हणाला.

गाणी होती तिथेच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता. वेबसाइटला कुणीच हात लावला नव्हता, तेव्हा पासवर्डवाला मितेश सुटला आणि टाइप करणाऱ्या मॅडमही सुटल्या. लबाडी या एकाच यंत्रात होती, आणि माणसाची नव्हती. मराठी येणारा माणूस 'हाय'चं 'आहे' करील, पण 'हायवे'चं 'आहेवे' करणार नाही. ते काम डोळे झाकून शब्द बदलणाऱ्याचं.

ती लॅपटॉपपुढे बसली. बसताच तिला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे वेबसाइटच्या पानामागे ब्राउजरच्या प्लग-इनचं, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांचं, पान आधीच उघडं होतं. तिच्याआधी कुणीतरी तिथवर पोचलं होतं. दुसरी गोष्ट, बोट फिरवायच्या काळ्या पट्टीवर एक हिरवट, वाळत आलेला डाग होता. तालमीत वडे आणि चटणी फिरली होती, त्यातलीच चटणी असणार असं म्हणत मितेश फडकं आणायला निघाला.

इशरतने त्याला थांबवलं, डागाला बोट लावलं आणि बोट नाकाशी नेलं.

चटणीत निलगिरीचं तेल कुणी घालत नाही.

४

तिने तो डाग स्वतःच्या ओढणीने हळूच पुसला. मितेशने कारण विचारलं तर म्हणाली, चटणीच होती, मिरची जास्त झालीय.

मग ती कामाला लागली. अपडेटनंतर ब्राउजर वेड्यासारखा वागायला लागला की तिच्या हेल्पडेस्कवर एकच रीत असते: सगळी प्लग-इन बंद करायची आणि एकेक चालू करून बघायचं. इथे तीन होती. तिने तिन्ही बंद केली आणि पान पुन्हा उघडलं. टीव्हीवर 'हाय' परत आलं. बायकांनी असा श्वास सोडला, जणू मुंबईहून लेक माहेरी आली. जाहिराती अडवणारं पहिलं चालू केलं, 'हाय' कायम. व्हिडिओ मोठे करणारं दुसरं चालू केलं, तरी कायम. तिसऱ्याचं नाव होतं 'शुद्धमती'. ते चालू केलं मात्र, आणि पडद्यावरचा मांडव पुन्हा आहेवेच्या कडेला गेला.

"सापडली," जागृती आत्या म्हणाल्या. "काय पण नाव आहे मेलीचं."

शुद्धमतीच्या माहितीत नव्या आवृत्तीची बढाई होती: आता लिहिण्यासोबत वाचनातही शुद्धता. म्हणजे कालपर्यंत ती बाई या लॅपटॉपवर कुणी लिहिलं तरच तेवढं सुधारत होती. आज सकाळी मितेश आंघोळीला गेला आणि तिने घरातल्यांचं वाचणंही सुधारायला घेतलं. इशरतने तिला काढून टाकलं. काढायचं बटणही अपडेटने उजवीकडून उचलून डावीकडे नेलं होतं, आणि जुन्या जागी त्याच रंगाचं दुसरंच काहीतरी बसवलं होतं. घाईत करंगळीने दाबणाऱ्याला ते सापडणं कठीणच.

सगळी मंडळी आजीच्या बंद दाराशी जमली. इशरतने आयुष्यात पुष्कळ लोकांना प्लग-इन समजावली होती, पण बंद दाराला समजावायची ही पहिलीच वेळ. कुठून सुरुवात करावी ते कळेना. मग तिला वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आठवले.

"आजी, ब्राउजर म्हणजे तुमची बिल्डिंग धरा. प्लग-इन म्हणजे त्यातले भाडेकरू. एका भाडेकरणीला एकच खोली दिली होती, ती तिथे गुपचूप राहत होती. सकाळी मितेशदादाने बिल्डिंगचं रंगकाम काढलं. त्या गडबडीत तिने गॅलरी बळकावली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली की असं बोला, तसं बोलू नका. गाणी तुमची तशीच आहेत. माणसाने नाही, त्या भाडेकरणीने उच्छाद मांडला. मी तिला सामानासकट बाहेर काढली."

चार भाडेकरू सांभाळलेल्या बाईला यातलं अक्षरन् अक्षर कळलं होतं, आणि नेमकी तीच अडचण होती.

"ते झ्यला," आतून गोजराबाई म्हणाल्या. "पन भाडेकरीन आपल्या पायानी घरान येत नाय. तिला खोली कोनी दिली?"

५

या प्रश्नाचं उत्तर इशरतला माहीत होतं. आज घरात ओली मेंदी एकाच मुलीच्या हातावर होती, ती तिनेच काढली होती, आणि फिसकटलेली वेल पाहून मच्छरावर विश्वासही तिनेच ठेवला होता. हातच्या काकणाला आरसा कशाला. पण बोलायचं कसं. हळदीच्या आदल्या दिवशी, सासरच्या माणसासमोर, नवरीला चोर ठरवायचं? हेल्पडेस्कवर अशा वेळी 'तपास चालू आहे' म्हणतात. इशरत तेच म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून दोन मेंदीचे हात पुढे आले.

"मी दिली, आजी," मनस्वी म्हणाली.

इशरतच्या मनात आलं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि तिला मैत्रिणीचा फार अभिमान वाटला.

मनस्वीने सगळं सांगून टाकलं. लग्न ठरल्यावर सासूबाईंशी मेसेज सुरू झाले. पहिल्याच मेसेजमध्ये हिने लिहिलं होतं, 'आमी बरे हाय'. पाठवायच्या आधीच ऑफिसातल्या एका बाईने ते वाचलं आणि हसली, तसं हिने ते पुसून टाकलं. त्या संध्याकाळी हिने शुद्धमती लॅपटॉपवर घेतली. तेव्हापासून सासूबाईंना जाणारा प्रत्येक मेसेज तिच्या हाताखालून जायचा. आज टीव्हीवर 'आहेवे' दिसताच हिला कळलं, आणि सगळे आजीच्या दारात असताना हिने ती काढायचा प्रयत्न केला; पण बटण सापडलं नाही आणि करंगळी तेवढी बरबटली. "मला वाटलं त्यांना आपलं बोलणं गावठी वाटंल," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मेंदीमुळे डोळे पुसता येईनात, तेव्हा इशरतने पुसले.

कोपऱ्यातून सौरभ खाकरला. त्याचे कान लाल झाले होते.

"आता मी पण सांगतो," तो म्हणाला. "आमच्या घरातली शुद्धमती मी आहे."

त्याने मोबाइल काढला. आई मेसेज लिहून आधी याला पाठवायची, हा नीट करून द्यायचा, मग ती मनस्वीला धाडायची. परवाचा मूळ मेसेज त्याने मोठ्याने वाचला. "पोरी, घरी समदं ठीक हाय न्हवं? तुजी लय वाट बगतोय." आणि मनस्वीला पोचला होता तो असा: घरी सर्व ठीक आहे ना? आम्ही तुझी आतुरतेने वाट पाहत आहोत.

तो वाचून मनस्वी रात्रभर जागली होती, 'आतुरतेने'ला उत्तर काय द्यावं म्हणून. जागृती आत्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि इशरतने आपल्या मॅडमना पहिल्यांदाच पदर तोंडात कोंबून हसताना पाहिलं.

"परत वाच रं," दारापलीकडून हुकूम आला.

सौरभने परत वाचलं. घरी समदं ठीक हाय न्हवं.

कडी निघाली. गोजराबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, आणि रागाचा मागमूस नव्हता. त्यांनी नातीची हनुवटी धरली, फिसकटलेली करंगळी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "उगाच रडतंस. ती बी हायवालीच हाय."

६

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हायवेच्या कडेच्या मांडवात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. सातारकडची विहीणबाई पहिल्या रांगेत बसली होती, नव्या साडीत अवघडलेली, शेजारी सौरभ अर्थ सांगायला. टीव्हीवर धवले होते, आजीच्या तोंडचे, जसेच्या तसे. मितेशने लॅपटॉपभोवती खुर्च्यांचं कुंपण केलं होतं आणि अपडेट मागितला तर सरळ वायर काढायची, असं जाहीर केलं होतं. इशरतने ते करू नको म्हणून सांगितलं, पण ऐकतो कोण.

गोजराबाईंनी पहिली हळद लावली आणि आवाज टाकला. हलदीचा पानी झालं, मामाची मस्करी झाली, विहिणीची तर अशी झाली की सौरभला अर्थ सांगता येईना. सांगायची गरजही पडली नाही. 'कोनी', 'पानी', 'हाय' सगळं विहीणबाईंना आपल्या माहेरच्यासारखंच ऐकू येत होतं. त्या गुडघ्यावर थापा मारत हसत होत्या. मग तो धवला आला. बायकांनी टीव्हीकडे बघून तोंड उघडलं, पण गोजराबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं, नातीकडे एक डोळा बारीक केला आणि स्पष्ट, खणखणीत गायल्या,

"आहेवेचे कडंला मांडव हाय,
मांडवान नवरी लाजली हाय..."

मांडव हसून हसून लोळला. तेव्हापासून तळवलीत कुणी हळदीचं आमंत्रण करताना मैदानाचा पत्ता सांगतं तो 'आहेवेला' असाच, आणि नव्या माणसाला त्यावरून गोष्ट ऐकावी लागते.

हळद लावून होईपर्यंत मनस्वी नखशिखांत पिवळी झाली होती. इशरत तिला ताटातला वडा भरवत होती, तेवढ्यात मनस्वीचा मोबाइल वाजला. पहिल्या रांगेतून, आठ हातांवरून, सासूबाईंचा मेसेज आला होता. सौरभ तेव्हा जेवायच्या रांगेत होता, म्हणजे तो कुणी तपासलेला नव्हता. इशरतने तो तिच्या डोळ्यांपुढे धरला.

'पोरी लय गोड दिसतीस. भूक लागली आसल तर काय तरी खाऊन घे. मी हितंच हाय.'

मनस्वीने मान वर करून पहिल्या रांगेकडे बघितलं. हात हळदीचे होते, तरी तिने मोबाइल घेतला आणि पिवळ्या बोटांनी स्वतःच उत्तर लिहिलं. इशरतने सवयीने स्पेलिंग बघितलं, आणि काही न बोलता ते तसंच जाऊ दिलं.

'आमी पन हाय.'